ट्यूबवर न छापलेला आकडा

आमच्या बेसिनवर एक प्लास्टिकचा ग्लास आहे. त्यात चार ब्रश, एक टंग क्लीनर आणि दोन ट्यूब्ज असतात. एक ट्यूब दात पांढरे करणारी आणि दुसरी दातांच्या झिणझिण्या थांबवणारी. दोन्ही माझ्याच. गेल्या शनिवारी गाडी पकडायची घाई नव्हती, म्हणून ब्रश तोंडात ठेवून त्या ट्यूब्जच्या पाठीमागचा बारीक मजकूर वाचत बसलो. (सॉफ्टवेअरवाल्याला काहीतरी वाचायला लागतंच. शांपूची बाटलीही चालते.) तर दोन्ही ट्यूब्जच्या पाठीवर कंपनीचं नाव एकच निघालं. पत्ता एकच, ग्राहक सेवेचा ईमेलही एकच.

मी हसलो आणि अर्धा फेस बनियनवर सांडला. पण मग हसू गेलं, कारण या दोन ट्यूब्ज त्या ग्लासात ज्या क्रमाने आल्या तो क्रम मला आठवला.

पहिली ट्यूब आली ती धाकट्या भावाच्या लग्नाआधी. कारण अगदी क्षुल्लक होतं. साखरपुड्याचे फोटो आले आणि त्यात माझे दात चहाच्या कपाच्या आतल्या बाजूसारखे दिसत होते. दिवसाला पाच-सहा कटिंग पिणाऱ्या माणसाचे दिसतात तसेच. मेडिकलवाल्याकडून पांढरे करणारी पेस्ट आणली, सोबत 'हार्ड' लिहिलेला ब्रश आणला, आणि सकाळ-संध्याकाळ बाथरूमची फरशी घासावी तसे दात घासले. लग्नातले फोटो बरे आले. पुढे सवयीने तीच पेस्ट चालू राहिली. मग एका दुपारी ऐरोलीला ऑफिसात कूलरचं गार पाणी प्यायलो आणि वरच्या डाव्या सुळ्यातून असा काही करंट गेला की हातातला ग्लास सुटला. त्याच संध्याकाळी ठाण्याला गाडी बदलताना दुसरी ट्यूब घेतली. साध्या पेस्टच्या दुपटीहून महाग. पण दोन-तीन आठवड्यांत झिणझिण्या कमी झाल्या आणि मी खूश. सकाळी पांढरी करणारी, रात्री शांत करणारी. काय सुंदर व्यवस्था!

ही व्यवस्था दीड वर्ष चालली. मग गार पाण्याबरोबर गरम चहाही झोंबायला लागला, तेव्हा बदलापूर पश्चिमेच्याच एका डॉक्टरबाईंकडे गेलो. त्यांनी आरसा दाखवला. सुळा आणि त्याच्या मागच्या दोन दातांवर, हिरडीला लागून, नखाने खाच पाडावी तशा खाचा. उजव्या बाजूला त्या जवळजवळ नव्हत्या.

"उजव्या हाताने घासता ना?"

"हो."

"म्हणून डावीकडे जोर जास्त पडतो. सकाळी उठल्यावर आधी काय घेता?"

मी मोठ्या अभिमानाने सांगितलं, कोमट पाण्यात लिंबू आणि मध. वजनासाठी. मग लगेच दात घासून पावणेसातच्या आसपासची लोकल. बाईंनी माझ्याकडे बघितलं ते मी अजून विसरलेलो नाही. टेस्टिंग न करता शुक्रवारी संध्याकाळी प्रॉडक्शनवर कोड टाकणाऱ्या पोराकडे मी असाच बघतो.

त्यानंतरचे तीन-चार वीकेंड मी या विषयावर सापडेल ते वाचण्यात घालवले. आज लिहितोय ते त्या वाचनातून आणि बऱ्याचशा रागातून. राग दात झिजल्याचा नाही, तो गाढवपणा निम्मा माझाच. राग याचा आहे की जी एक माहिती मला ती ट्यूब विकत घेताना हवी होती, तीच तिच्यावर छापलेली नव्हती.

आधी दाताबद्दल. दातावरचं इनॅमल हा आपल्या शरीरातला सगळ्यात कठीण पदार्थ. वजनाने सुमारे 96 टक्के खनिज, बाकी पाणी आणि थोडे सेंद्रिय पदार्थ. दाढेच्या टोकावर ते दोन-अडीच मिलिमीटर जाड असतं आणि हिरडीकडे येताना पातळ होत होत संपतं. हाड मोडलं तर जुळतं, कातडी कापली तर भरून येते. इनॅमलचं तसं नाही, कारण ते बनवणाऱ्या पेशी दात हिरडीतून बाहेर येईपर्यंत संपलेल्या असतात. लाळेतलं कॅल्शियम आणि पेस्टमधलं फ्लोराइड मऊ पडलेला पृष्ठभाग पुन्हा थोडा घट्ट करू शकतात, पण जो थर गेला तो गेला. त्याचा बॅकअप नाही.

इनॅमलच्या खाली डेंटीन. ते बरंच मऊ, रंगाने पिवळसर, आणि त्यात आतल्या नसेकडे जाणाऱ्या हजारो बारीक नळ्या. नळ्यांत द्रव भरलेला. नळ्यांची तोंडं उघडी पडली की गार, गरम, आंबट, गोड, नुसती हवासुद्धा, काहीही लागलं तरी आतला द्रव हलतो आणि नस बोंब मारते. स्वीडनच्या मार्टिन ब्रॅनस्ट्रॉम यांनी 1960च्या दशकात ही कल्पना प्रयोगांनी नीट उभी केली, आणि आजही झिणझिण्यांचं हेच स्पष्टीकरण सगळ्यात जास्त मानलं जातं.

आता यातला 'पिवळसर' हा शब्द लक्षात ठेवा. दाताचा रंग मुख्यतः डेंटीनचा असतो, इनॅमल अर्धपारदर्शक. म्हणजे इनॅमल जितकं पातळ होईल तितका दात पिवळा दिसणार. पांढरे व्हावेत म्हणून एखादा माणूस वर्षानुवर्षं दात खरवडत राहिला, तर त्याचे दात शेवटी पिवळेच होणार. पिवळे दिसले की तो आणखी जोरात घासणार. आपल्याकडे याला इन्फिनिट लूप म्हणतात आणि कोड रिव्ह्यूमध्ये पकडलं तर शिव्या बसतात.

मग पांढरे करणाऱ्या पेस्टा नक्की करतात काय? तीनच गोष्टी, आणि तिन्ही एका पेस्टमध्ये असतीलच असं नाही.

पहिली म्हणजे घासणं. चहा, तंबाखू, हळद यांचा जो डाग दातावर बसतो तो सिलिका किंवा चुनखडीच्या बारीक कणांनी खरवडून काढायचा. आमचं बदलापूर जांभळांसाठी प्रसिद्ध. जूनमध्ये जांभळं खाऊन जीभ आणि दात जांभळे झाले म्हणून कुणी घाबरत नाही, कारण तो वरवरचा रंग आहे, जातो. चहाचा डाग त्याच जातीचा, फक्त चिवट. तो निघाला की दात आपल्या मूळ रंगावर येतो, त्याहून पांढरा होत नाही.

दुसरी गोष्ट वाचून मी खरोखर उडालो. काही पेस्टांमध्ये ब्लू कोव्हॅरिन नावाचा निळा रंग असतो. त्याचा पातळ थर दातावर बसतो आणि पिवळेपणा झाकून दात पांढरे भासवतो. म्हणजे नीळ! आई पांढऱ्या सदऱ्यांना शेवटच्या पाण्यात घालायची ती नीळ. यात दाताचं नुकसान नाही, फायदाही नाही. दिवसभराचा मेकअप.

तिसरी म्हणजे पेरॉक्साइड, खरंखुरं ब्लीच, जे आतला रंगही हलका करतं. पण युरोपात 2011 च्या निर्देशानुसार दुकानात विकायच्या वस्तूंत हायड्रोजन पेरॉक्साइड 0.1 टक्क्यापर्यंतच चालतं, आणि त्याहून जास्त, 6 टक्क्यांपर्यंतचं, दंतवैद्यामार्फतच. यावरून त्याचा वचक लक्षात येईल. आणि ब्लीचने झिणझिण्या येणं ही अगदी नेहमीची तक्रार आहे. म्हणजे पुन्हा दुसरी ट्यूब!

आमच्या टीममध्ये यवतमाळ जिल्ह्यातला एक पोरगा आहे. हुशार, बोलका, पण फोटो काढताना ओठ घट्ट मिटून घेतो. समोरच्या दातांवर तपकिरी पट्टे. एकदा जेवताना मी शहाणपणा शिकवायला गेलो की अमुक पेस्ट वापर. तो म्हणाला, "सगळ्या वापरून झाल्या राजा. घासून घासून हिरड्या सोलल्या, डाग काई जात नाई." तो जाणारही नव्हता. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या भागांत कित्येक गावांच्या बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. पिण्याच्या पाण्यात लिटरला दीड मिलिग्रॅम ही आपली कमाल मर्यादा. लहानपणी दात आत तयार होत असताना त्याहून जास्त पोटात गेलं की इनॅमलच बिघडलेलं तयार होतं. तो डाग वर बसलेला नाही, दाताच्या अंगातच आहे. जगातली कुठलीही पेस्ट तो घासून काढू शकत नाही. पण मला दाखवा असा एक खोका, ज्यावर लिहिलंय की 'तुमचा डाग फ्लोरोसिसचा असेल तर आमची पेस्ट घेऊ नका.' वर्षानुवर्षं हा पोरगा महिन्याला एक ट्यूब विकत घेत होता, हिरड्या मागे ढकलत होता, आणि मनात म्हणत होता की मीच नीट घासत नाही. त्याच्या गावाला वेळेवर चांगलं पाणी मिळालं नाही हा दोष सरकारचा. पण त्याच्या शरमेवर धंदा करणाऱ्यांना मी कशी माफी देऊ?

इथे कुणीतरी नक्की म्हणेल की आपले पूर्वज राखेने दात घासायचे, शंभर वर्षं जगायचे वगैरे. थांबा. माझी आजी हेंद्रेपाड्यातच गेली, जेव्हा हा नावाप्रमाणे पाडाच होता आणि टॉवर वगैरे नव्हते. ती गोवरीच्या राखेने दात घासायची, नंतर मशेरीची सवय लागली. म्हातारपणी तिच्या दातांच्या कडा झिजून सपाट झाल्या होत्या आणि रंग हळदीच्या गाठीसारखा. राख काय, विटकर काय, खडेमीठ काय, खरवडणारं ते खरवडणारच, आणि ते 'नैसर्गिक' आहे हे इनॅमलला कळत नाही. शिवाय मशेरीत तंबाखू. दंतमंजनात आणि पेस्टमध्ये तंबाखू घालायला आपल्या देशात 1992 साली बंदी आली, पण तव्यावर भाजलेली मशेरी घरोघर चालूच राहिली.

गंमत बघा. दूरदर्शनच्या काळात कोलगेटच्या दंतमंजनाची एक जाहिरात लागायची. त्यात एका पहिलवानाची फजिती केली जाई, की बाबा रे, अंगासाठी दूध-बदाम आणि दातांसाठी कोळसा? आमच्या पिढीतल्या कुणालाही विचारा, आठवेल. संदेश बरोबर होता. आणि आज त्याच कोलगेटच्या नावाने चारकोलची काळी पेस्ट दुकानात मिळते! कोळसा तोच, फक्त आता तो चारकोल झाला. 2017 मध्ये अमेरिकन दंत संघटनेच्या नियतकालिकात या कोळसावाल्या पेस्टा-पावडरींचा आढावा आला होता. त्यात निष्कर्ष असा की त्या सुरक्षित किंवा गुणकारी आहेत असं म्हणायला पुरेसा पुरावाच नाही. पहिलवानाची कुणीतरी माफी मागायला हवी.

आता दुसऱ्या ट्यूबकडे. झिणझिण्यांवरच्या पेस्टा दोन प्रकारे काम करतात. एक, पोटॅशियम नायट्रेट (साधारण 5 टक्के) नसेचा आवाज हळूहळू बंद करतं. त्याला दोन ते चार आठवडे लागतात. दोन, काही पदार्थ डेंटीनच्या उघड्या नळ्यांची तोंडं बुजवतात. आर्जिनीन, स्टॅनस फ्लोराइड, कॅल्शियम-फॉस्फेट-सिलिकेटची काच असे बरेच प्रकार. हे खोटं नाही, त्यांनी आराम पडतो. मलाही पडला. माझी तक्रार वेगळी आहे. यातलं काहीही गेलेलं इनॅमल परत आणत नाही, आणि पोटॅशियमवाली तर नुसती नसेला गप्प करते. आपल्याकडे काही महाभाग एक्सेप्शन पकडतात आणि कॅच ब्लॉक रिकामा सोडतात. प्रोग्राम पडत नाही, लॉग स्वच्छ, मॅनेजर खूश, आणि आत डेटा सडतोय. माझ्या तोंडात दीड वर्ष हेच चाललं होतं. सुळा ओरडत होता की लिंबूपाणी थांबव, हार्ड ब्रश फेक. मी त्याच्या तोंडावर उशी दाबून रोज सकाळी तीच खाच आणखी खोल करत होतो. दात दुखण्यामागे कीड असते, तडा असतो, कधी गळालेली भरणी असते. दुखणं थांबलं म्हणजे कारण गेलं असा अर्थ होत नाही, हे पाकिटाच्या मागे मुंगीएवढ्या अक्षरात असतं. पुढे मात्र मोठ्या अक्षरात सेकंद मोजलेले असतात.

या सेकंदांचा एक रीतसर निवाडा झालेला आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 2022 साली सेन्सोडाइनच्या जाहिरातींवर कारवाई केली. (ब्रँड तेव्हा ग्लॅक्सोकडे होता, आता हेलियॉनकडे.) आपल्याकडे दंतवैद्याने जाहीरपणे एखाद्या उत्पादनाची शिफारस करायला नियमाने मनाई आहे. म्हणून जाहिरातीत परदेशातले दंतवैद्य दाखवले होते. आधी प्राधिकरणाने त्या जाहिराती थांबवायला सांगितल्या. मार्चमध्ये 'जगभरातले दंतवैद्य शिफारस करतात' आणि 'जगातली नंबर एक' या दाव्यांवर दहा लाखांचा दंड केला, कारण पुरावा म्हणून जी सर्वेक्षणं दाखवली ती फक्त भारतातल्या दंतवैद्यांची होती. आणि ते साठ सेकंदांत आराम वगैरे? ते प्रकरण औषध नियंत्रकांकडे गेलं, आणि हे उत्पादन कॉस्मेटिकच्या लायसन्सवर बनतं असं पुढे आलं.

कॉस्मेटिक! म्हणजे पावडर, लिपस्टिक, काजळ यांच्या रांगेत. याच सेंट्रल लाइनवर डोंबिवलीला कारखाना असलेली विको कंपनी आठवते. 'वज्रदंती हे आयुर्वेदिक औषध आहे, प्रसाधन नाही' हे सिद्ध करण्यासाठी ती अबकारी खात्याशी वर्षानुवर्षं, पार सुप्रीम कोर्टापर्यंत, भांडली आणि जिंकली. भांडण कराच्या दरावरून होतं, दातांवरून नाही. पण मला त्यातून एक कळलं. कर भरायची वेळ आली की टूथपेस्ट औषध होते, पुरावा द्यायची वेळ आली की कॉस्मेटिक. (विकोने असं केलं असं मी म्हणत नाही, सगळ्या बाजाराबद्दल बोलतोय.)

तर आता तो आकडा, ज्यासाठी हे सगळं लिहायला बसलो.

पेस्ट किती खरवडते हे मोजायची पद्धत गेली कित्येक दशकं अस्तित्वात आहे. तिचं नाव रिलेटिव्ह डेंटीन अ‍ॅब्रेसिव्हिटी, थोडक्यात आरडीए. काढलेल्या दातांचे तुकडे घेतात, अणुभट्टीत न्यूट्रॉनचा मारा करून त्यातलं थोडं फॉस्फरस किरणोत्सारी करतात, मग मशीनवर ठरावीक जोराने हजारो वेळा ब्रश फिरवतात. दात झिजला की किरणोत्सारी कण पेस्टच्या पाण्यात उतरतात आणि ते मोजता येतात. ठरलेल्या प्रमाण पावडरीला 100 मानायचं आणि बाकीच्यांची तुलना तिच्याशी. आयएसओच्या मानकानुसार कमाल मर्यादा 250. पांढरे करणाऱ्या पेस्टांचा आकडा साधारणपणे जास्त, झिणझिण्यांवरच्या पेस्टांचा साधारणपणे कमी. पण यात इतके अपवाद की नाव वाचून काहीच कळत नाही. 'सेन्सिटिव्ह' आणि 'व्हाइटनिंग' हे दोन्ही शब्द एकाच ट्यूबवर असतात तेव्हा तर देवच जाणे.

इथे प्रामाणिकपणे दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर मी आणि जाहिरातवाले सारखेच. आरडीए डेंटीनवर मोजतात, इनॅमलवर नाही. वेगवेगळ्या प्रयोगशाळांचे आकडे तंतोतंत जुळत नाहीत. आणि अभ्यासक असंही म्हणतात की मर्यादेतली पेस्ट आणि नीट घासणं असेल तर आयुष्यभरात निरोगी इनॅमलचं जवळजवळ काहीच झिजत नाही. हे मला मान्य आहे. पण यातला 'निरोगी' आणि 'नीट' हे दोन शब्द हेंद्रेपाड्यात आणा जरा. लिंबाच्या रसाचा पीएच दोन-अडीच, कोलाचाही त्याच घरातला, आणि साडेपाचच्या खाली गेलं की इनॅमल विरघळायला लागतं. आम्ही सकाळी लिंबूपाणी पितो आणि ते मऊ पडलेलं इनॅमल पाच मिनिटांच्या आत हार्ड ब्रशने घासतो, कारण गाडी चुकली तर पुढचीत चढता येत नाही. हिरडी मागे सरकली असेल तर तिथे इनॅमल नसतंच, ब्रश थेट डेंटीनवर. अशा तोंडात 60ची पेस्ट आणि 180ची पेस्ट यात फरक पडतो. त्या फरकाचे पैसे मी दंतवैद्याकडे तीन भरण्यांत भरलेत.

मग हा आकडा छापत का नाहीत? मला मिळालेलं उत्तर असं की लोकांना कळणार नाही, उगाच गोंधळ होईल. म्हणजे लोकांना पोटॅशियम नायट्रेट कळतं, मायक्रोक्रिस्टल कळतात, अ‍ॅक्टिव्ह ऑक्सिजन कळतो, फक्त 250 पैकी 180 कळणार नाही! फ्रिजवरचे तारे कळतात, पंख्यावरचे कळतात, सनस्क्रीनवरचं एसपीएफ 50 तर कॉलेजच्या पोरींना तोंडपाठ असतं. टूथपेस्टमध्ये फ्लोराइड 1000 पीपीएमच्या वर नको आणि ते किती आहे हे ट्यूबवर छापा, असा नियम आपल्याकडे झालाच ना? लोक मेले नाहीत गोंधळून. उलट ज्याला बघायचं असतं तो बघतो. त्याच ओळीच्या खाली आणखी एक आकडा छापायला किती शाई लागते?

दुसरं उत्तर येतं की आमचं उत्पादन मर्यादेच्या आतच आहे. असेल ना. वेगमर्यादा ऐंशी आहे म्हणून गाडीतला स्पीडोमीटर काढून टाकायचा का?

मी गेल्या रविवारी त्या ट्यूबवरच्या पत्त्यावर मेल टाकली. दोन ओळींची: तुमच्या या दोन पेस्टांचा आरडीए कळवा. मंगळवारी उत्तर आलं, माझ्या 'अमूल्य अभिप्रायाबद्दल' आभार मानणारं आणि उत्पादन सर्व विहित मानकांनुसार असल्याचं सांगणारं. मी पुन्हा लिहिलं की अभिप्राय दिलेला नाही, आकडा विचारलाय. त्याला अजून उत्तर नाही. आलं तर इथेच टाकीन. तुमच्या ट्यूबवर कुठल्याही कंपनीचा पत्ता असो, तुम्हीही अशी दोन ओळींची मेल टाका. एकाने विचारलं तर ऑटो-रिप्लाय येतो, दहा हजारांनी विचारलं तर मीटिंग बसते. एवढं आपल्याला आपापल्या कंपन्यांच्या अनुभवावरून माहीत आहे.

दात घासणं सोडू नका, एवढं मात्र हात जोडून. फ्लोराइडवाली साधी पेस्ट, मऊ ब्रश, आंबट खाल्ल्या-प्यायल्यावर निदान अर्धा तास थांबणं, एवढ्यावर माझं सध्या चाललंय. लिंबूपाणी बंद केलं, वजन होतं तेवढंच आहे. यवतमाळच्या पोराला डॉक्टरबाईंकडे नेलं. त्याच्या समोरच्या दातांवर काय करता येईल ते त्या बघतायत, आणि त्याने महिन्याची ट्यूब बंद केलीय.

राहता राहिली ती पांढरी करणारी, अर्धी भरलेली ट्यूब. मी ती कचऱ्यात टाकत होतो तर आईने हातातून घेतली.

"टाकतोस काय? निरांजनं आणि समया काळ्या पडल्यात, त्यांना घेते."

दुपारी बघतो तर चांदीची निरांजनं लख्ख. "बघ कशी घासली जातात," आई म्हणाली, "साध्या पेस्टने एवढी नाही होत." ट्यूब आता देवघराच्या खालच्या फडताळात आहे, वातींच्या डब्याशेजारी.